धानाच्या बांधीत चौदा वेली

२८ जून १९५५
कालपासून सारखा पाऊस. बांध फोडून बांधीतलं पाणी काढून दिलं. फावडं मीच मारलं. गडी म्हणे, बाईचं डोकं फिरलं. द्राक्षाच्या मुळाशी पाणी साचलं की संपलं, हे ह्यांनी नाशिकहून काड्या आणल्या तेव्हाच माझ्याकडून घोकून घेतलं होतं.

२ जुलै
दीर आले. दादा जाऊन वर्ष झालं, बांधी आता धानाला द्या म्हणाले. “द्राक्षं इथी होत नाई, वहिनी.” दसऱ्यानंतरच्या छाटणीवर घड आले नाहीत तर खुशाल नांगर घाला, म्हटलं. वेली मेल्या तर मात्र दीर थांबणार नाहीत. वेली गेल्या तर ह्यांचं इथे काहीच उरत नाही.

४ जुलै
वर काळी माती. हातभर खाली पिवळट, चुनखडीची चिकण. लिंबू पिळलं तर फसफसते. वैशाखात महिनाभर पाणी नव्हतं तरी पानं हिरवी, ती हिच्या ओलीवर. तीच ओल आषाढात सोडत नाही. ह्यांना मातीचा फक्त पहिला गुण दिसला.
परवा चांद्याला. दाढ काढायची. चार दिवसांत परत.

१४ जुलै
चारचे आठ झाले, गाल सुजला. आज परतले. बांधीत गुडघाभर पाणी, पानं पिवळी. बांध नीट लिंपलेला.
शेजारचे लक्ष्मणभाऊ हसत आले. “बाई, तुमचा बांध फुटला होता. पाणी वाया जाऊन राह्यलं होतं. म्या बुजवला.” सत्तरीचा माणूस, भर पावसात एकट्याने माती वाहिली. चहा केला. त्यांनी दोन कप घेतले. ते गेल्यावर मी चुलीपुढे बसून रडले.

१५ जुलै
बांध परत फोडला. पाणी उतरलं, चिकण तशीच गच्च. एक वेल उपटून पाहिली. मुळं काळी, साल बोटाला सुटून आली. वास.

१९ जुलै
दिरांनी उद्या धानाच्या रोवणीला बाया सांगितल्यात.
सकाळपासून एकेका वेलीची साल नखाने खरवडत गेले. आत तपकिरी, म्हणजे मेलेली. परत तपकिरी. उपटलेली धरून अकरा. उरलेल्या तिघींना हात लावायचा धीर झाला नाही.
दीर बांधावरून, “जित्या किती, वहिनी?”
तीन म्हटलं.
“मंग तेवढ्या सोडून रोवतो.”
रोवणी म्हणजे बांधीत पाणी साचवणं आलंच. आणि मी खरं बोलले की खोटं, मलाच अजून माहीत नाही.