विजूच्या पिकअपवरचा अँटेना

रविवार, दिवेलागण

आज अण्णांनी त्यांचा जुना अँटेना विजूच्या पिकअपवर बसवला. मला, त्यांच्या लेकीला, विचारलंसुद्धा नाही. हॅम रेडिओची, म्हणजे हौशी बिनतारी संचाची परीक्षा मी दिली, तीही अण्णांकडूनच शिकून. धाकट्या भावाला त्यातलं ओ की ठो कळत नाही. पण गाडी त्याची, मग अँटेनाही त्याचाच!

सकाळपासून दोघं अंगणात होते. गाडीतल्या सेटवर नुसती खरखर. विजू वैतागला, "राहू द्या अण्णा, नाय जमत."

मला गच्चीतून दिसत होतं. अँटेनाची पट्टी गाडीच्या रंगावरच आवळली होती. पत्र्याला न टेकता अर्थिंग मिळणार कुठून? अण्णांना आता जवळचं नीट दिसत नाही. मी मधे पडणार नव्हते, पण त्यांचा पडलेला चेहरा बघवेना. खाली उतरले, पट्टी सोडवली, पत्रा चमकेपर्यंत रंग खरवडला आणि पुन्हा आवळली. खरखर थांबली.

अण्णांनी विजूच्या पाठीवर थाप मारली. "बघ, जमलं का नाय!"

विजूच्या पाठीवर. रंग खरवडला कुणी?

मग दोघं वाळूजच्या रस्त्यानं आवाज तपासायला गेले. मी घरच्या सेटपाशी बसले. अण्णांचा आवाज आला, शेजारी बसून बोलल्यासारखा स्वच्छ. "ताई, कसं ऐकू येतंय?"

"लई खरखर आहे, अण्णा."

का म्हणाले मी असं? अंधार पडला, अजून दोघं आले नाहीत. रस्त्याकडेला थांबून अण्णा पुन्हा ती पट्टी सोडवत असतील, आणि विजू त्यांना अगदी खेटून उभा राहून मोबाईलचा उजेड दाखवत असेल.