पुढच्या शिडाचा दोर

तांडेल, मला चौथीपुरतंच लिहिता येतं, आणि तुम्हाला तर तेवढंही वाचता येत नव्हतं, म्हणून आज हिंमत केली. तुम्ही जाऊन पंधरा वर्षं झाली. मी आता शहापूरला लाकडाच्या वखारीत असतो. भरून आलेल्या गाड्यांचे दोर सोडणं माझ्याकडे. दोराला बहुतेक तीच गाठ असते, आमच्या मुरबाडकडची, दोनदा पीळ देऊन, पाय रोवून आवळलेली. गाडी कितीही हिंदकळली तरी ती सुटत नाही. ती सोडताना रोज माझे हात गार पडतात. का, ते वखारीत कोणालाच ठाऊक नाही.

मुरबाडकडल्या धसईहून गवताची गाडी घेऊन मी कल्याणच्या बंदरावर यायचो, तुम्ही तांडेल होतात त्या शिडाच्या मचव्यात गवत भरायला. बैल दगावला तेव्हा तुम्हीच म्हणालात, "गाडी नाय तर नाय, मचव्यावर ये." बायको पाण्याला भ्यायची, तर तिची समजूत काढायला तुम्ही सुके बोंबील घेऊन आमच्या घरापर्यंत आलात. अजून दिसतं मला. तुम्ही चुलीपुढे बसून भाकरी खाताय, आणि हात धुऊन झाल्यावर कनवटीचा हातभर काथ्याचा दोर काढून आमच्या घराच्या मेढीला, त्या खांबाला, वळसे घालताय. "बग गो, खुंटीला दोन वलसे नि शेंडा हातात. बांधायचा नाय. वारा चढला का पयलं पुढचं शीड मोकलं करायचं. मंग होडी वलवायची, म्हंजे ते मोठ्या शिडाच्या आडोशाला येऊन मऊ पडतं. तवा बसूनच खाली ओढायचं नि गुडघ्याखाली दाबायचं. तुजा नवरा बांधून बसला तर आमाला बुडवील." ती हसली. रोज हात बसवायला म्हणून तो दोर तुम्ही मला देऊन टाकलात.

हात बसला नाही. पहिल्याच आठवड्यात पुढच्या शिडाच्या खुंटीवर तुम्हाला माझी गाडीची गाठ सापडली आणि तुम्ही सगळ्या बंदराला बोलावून दाखवलीत. "या, बगा! मुरबाडकरानं शीड बाजाराला न्यायला बांधलंय!" माणसं पोट धरधरून हसली. मला राग आला नव्हता असं मी आजवर सांगत आलो. आला होता, फार आला होता.

आणि ती वैशाखातली दुपार. मचवा गवतानं काठोकाठ भरलेला, खाडीत समोरून वारा. एक भारा सुटून गवत उडायला लागतं. मला ते बघवत नाही. हातातला पुढच्या शिडाचा दोर मी खुंटीला बांधतो, सवयीनं, पाय रोवून, आणि भाऱ्यावर झेप घेतो. तेवढ्यात वाऱ्याचा मोठा झोत येतो. मचवा कलंडतो, काठावरून पाणी आत येतं. "मोकलं कर! पुढचं मोकलं कर!" तुम्ही ओरडताय. गाठ भिजून दगड झालेली, माझी नखं उलटतात तरी ढिली होत नाही. कमरेला कोयता होता, तो सुचलाच नाही. "काय झालं रे?" तुम्ही विचारलंत, सुकाणू तुमच्या भावाच्या हातात दिलंत आणि गवतावरून, माझ्या डोक्यावरून पुढे नाळेवर, होडीच्या टोकाला गेलात. शीड मऊ पडावं म्हणून भावानं होडी वळवली. ताणून बांधलेलं शीड दुसऱ्या अंगानं भरलं, एकच हिसका बसला, आणि नाळेवर कोणी नव्हतं. मग मला कोयता आठवला. गाठ तोडून मी पाण्यात टाकली, कोणी बघायच्या आत.

तुम्ही तिसऱ्या दिवशी खाडीकाठच्या तिवरांत सापडलात.

दर साल मी नवा तांदूळ घेऊन तुमच्या घरी जातो. काकी म्हणते, "वाऱ्यानं नेलं त्यांना. तूच एक आठवण ठेवलीस." कालवणातला मोठा तुकडा मला वाढते. तो मी संपवतो. खरं म्हणजे हा कागद तिच्यासाठीच लिहायला घेतला होता. पण तिला तो कोणीतरी वाचून दाखवणार, आणि मग ती मला पुन्हा कधी वाढणार नाही. एवढ्यासाठी तो वखारीतच राहील. मी असाच मरेन.

तुम्ही विचारलंत ना, काय झालं रे? दोर पुढे कुठेच अडकला नव्हता. तुम्ही पुन्हा हसाल म्हणून मी गाठीवर छाती टाकून ती झाकली, आणि म्हणालो, "पुढं अडकलाय."