डावा कौल

आई, तू गेलीस तेव्हा आपल्या घरात साधा फोनही नव्हता, त्यामुळं हे तुला कसं सांगावं तेच कळत नाही. मी आता साताऱ्यात कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. परवा वर्गात एका पोरीनं विचारलं, "मॅडम, प्रश्नांची उत्तरं देणारं हे यंत्र खरंच विचार करतं का?" मी ऐटीत सांगून टाकलं, की आत नुसतं होय आणि नाही चालतं, बाकी काही नाही. आणि बोलता बोलता मला आपल्या गावातलं देऊळ आठवलं.

मला शिकायला सांगलीच्या हॉस्टेलवर ठेवायचं का, हे तू देवीला विचारायला गेली होतीस. गुरव मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवतो. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. मी उजवीकडं डोळे लावून बसलेय, आणि डावी पडते. "आवं, देवी न्हाई म्हनती," गुरव म्हणतो. मला रडू फुटतं. तू हात जोडतेस, आणि बाहेर आल्यावर माझे डोळे पुसत म्हणतेस, "रडू नगं. देवीला तुजी काळजी वाटती, म्हनून ती न्हाई म्हनती. काळजी मलाबी हाय. पर तू जा."

पाकळीला कुठली गं काळजी? पाणी वाळलं की ती पडते. तिच्यात काळजी तू घातलीस, आणि निर्णय स्वतःच्या अंगावर घेतलास. यंत्र विचार करतं की नाही, हे खरं तर मला अजून धड माहीत नाही. पण त्याचं उत्तर चुकलं तर त्याची झोप उडत नाही, एवढं कळतं.

तुझी नात सैन्यात निवडली गेलीय. पाठवू का, असं मी त्या यंत्राला लिहून विचारलं. त्यानं पगार, बढती, धोका, सगळं छान मांडलं, आणि 'निर्णय तुमचाच' म्हणून मोकळं झालं. असला राग आला मला! शब्द फिरवून पुन्हा पुन्हा विचारत बसले. तेवढ्यात पोरगी चहा घेऊन आली. "आई, त्याला काय विचारतीस? मला विचार की." मी तिच्याकडं बघितलं आणि "जा" म्हटलं. तिनं मला अशी मिठी मारली, की चहा सांडला.

हे तुला पोचणार नाही, ठाऊक आहे. पण आई, मी फार घाबरलेय गं. त्या यंत्राला इतकं सगळं विचारलं, पण मी घाबरलेय, हे तेवढं त्याला लिहिलंच नव्हतं.