तिसऱ्या रांगेतील एकोणिसावे कौल

म्यूरिएल ॲग्नेस ओकशॉट, पूर्वाश्रमीची टिचबर्न,

मृत्युपत्र मृत व्यक्तीस उद्देशून लिहू नये, असे माझ्या वकिलांचे मत आहे. ते योग्यच आहे. तथापि सेंट विल्फ्रिड चर्चच्या छपराविषयी मला जे लिहायचे आहे, ते ऐकण्याचा पहिला हक्क तुझा आहे. म्हणून हे तुला.

मी, हम्फ्री लेनर्ड ओकशॉट, वय वर्षे एक्क्याऐंशी, निवृत्त भूमापक, राहणार फोर्ज कॉटेज, मार्लहर्स्ट, ससेक्स, हे मृत्युपत्र स्वहस्ते व कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचे डॉक्टरांनी मंगळवारी तपासून सांगितले. हृदयाबद्दल ते तितके निश्चिंत नव्हते. मी पुढचा नाताळ पाहीन असे त्यांना वाटत नाही. सन २००६ मध्ये आपण दोघांनी केलेल्या मृत्युपत्रान्वये आपले घर चर्च जतन निधीस विनाअट जाणार होते. ते मृत्युपत्र मी याद्वारे रद्द करतो. ‘विनाअट’ हा शब्द तुझा होता.

कलम १. बँकेतील सर्व शिल्लक माझी भाची रोवेना हिला मिळावी. तुझी मुरंब्याची तांब्याची पातेलीही तिलाच द्यावीत. गेली तीन वर्षे ती त्यांच्याकडे आशेने पाहत आली आहे आणि तसे तिने कधीही बोलून दाखवलेले नाही. या संयमाची दखल घेतली जावी.

कलम २. माझे मोजणीचे यंत्र, तिपाईसह, गावच्या शाळेस. तिपाईचा एक पाय आखूड आहे. हे देतानाच सांगावे.

कलम ३. माझी दुर्बीण मी चर्चचे विश्वस्त श्री. क्लाइव्ह पॉडमोर यांना देतो. ते आपल्या लग्नात माझे पाठराखे होते. दुर्बीण त्यांनाच का, याचा खुलासा आवश्यक आहे.

छपरासाठी निधी जमवताना कौलांवर नावे लिहून घेण्याची कल्पना तुझी. तीन उन्हाळे तू चर्चच्या फाटकाशी टेबल मांडून, पांढऱ्या रंगाची लेखणी हातात धरून बसलीस. मला तुझा आवाज अजून ऐकू येतो: “या, या! पाच पौंडांत देवाच्या डोक्यावर नाव! इतकं स्वस्त पुन्हा मिळायचं नाही!” घंटा वाजवणाऱ्या मंडळींचे प्रमुख रेग कटबुश यांनी विचारले, “आमच्या बस्टरचं, म्हणजे कुत्र्याचं, नाव चालेल का हो, बाई?” तू म्हणालीस, “तुमच्यापेक्षा तोच जास्त वेळा येतो चर्चला. लिहा की!” अशी एक हजार एकशे चाळीस कौले झाली. नावे कौलाच्या खालच्या अंगास होती. एकदा कौल चढले की ती कोणाला दिसणार नव्हती, आणि लोकांना त्यातच समाधान होते.

त्यांपैकी एका कौलावर तू ‘रोझमंड’ असे लिहिलेस. सन १९६८ मध्ये आपली मुलगी मृत जन्मली. परिचारिकेने तिला टॉवेलात गुंडाळून नेले. कोठे पुरले हे विचारण्याची तेव्हा पद्धत नव्हती आणि मी पद्धत मोडणारा माणूस नव्हतो. तिचे नाव कोणत्याही दप्तरात नाही, कोणत्याही दगडावर नाही. ते त्या एका कौलावर होते.

२००३ च्या शरदात छप्पर पूर्ण झाले, तेव्हा तू माझा हात धरून मला कबरींच्या मधून नेलेस आणि वर बोट केलेस. “दक्षिणेची बाजू. वरून तिसरी रांग. पूर्वेकडून एकोणिसावं. दिसलं?” मी ते माझ्या वहीत टिपून घेतले. त्यानंतर अठरा वर्षे प्रत्येक रविवारी प्रार्थनेनंतर मी ते कौल दुर्बिणीतून पाहिले. तू शेजारी उभी असायचीस.

कलम ४. हे कलम कोणास काही देण्यासाठी नाही. तू नोव्हेंबरात गेलीस. फेब्रुवारीतील वादळात दक्षिणेकडची काही कौले उडाली. चर्चची किल्ली माझ्याकडे असल्याने सकाळी प्रथम मीच पोहोचलो आणि गवतातून त्रेचाळीस कौले गोळा केली. प्रत्येक उलटून पाहिले. एकावरही अक्षर नव्हते.

मी थेट क्लाइव्हच्या शेतावर गेलो. तो मेंढ्यांना चारा घालत होता. माझ्या हातातले कौल पाहून त्याने बादली खाली ठेवली.

“चहा घेतोस?”

“नावे कोठे आहेत, क्लाइव्ह?”

“अरे, आधी बस तरी. पाय बघ किती भिजलेत तुझे.”

“नावे कोठे आहेत?”

मेंढ्यांच्या गोठ्यामागे, ताडपत्रीखाली. आम्ही नावे लिहिण्यासाठी घेतलेली कौले यंत्रावरची, स्वस्तातली निघाली. दोन हिवाळ्यांत तडकतील, हाताने घडवलेलीच हवीत, असे वास्तुतज्ज्ञांनी ऐनवेळी बजावले. बाहेरून मिळायचे अनुदान त्यावर अडले. क्लाइव्हने रात्रीतून कौले हलवली आणि गावाला काही सांगितले नाही.

मी चार दिवस गोठ्यामागे बसून एक हजार एकशे एकोणचाळीस कौले वाचली. एक कमी होते.

“ते म्यूरिएलनं नेलं,” क्लाइव्ह म्हणाला. “तेव्हाच.”

“तिला माहीत होते?”

“माहीत? अरे बाबा, ठरवलंच तिनं! मला म्हणाली, ‘क्लाइव्ह, हम्फ्रीला कळलं तर तो रविवारी उभा राहून सगळ्या गावाला सांगेल. त्याला खोटं बोलताच येत नाही. मग नावंही गेली आणि छप्परही.’ चुकीचं बोलली का ती? तूच सांग!”

भूमापक म्हणून येथे नमूद करतो की वास्तुतज्ज्ञांचा सल्ला बरोबर होता, आणि एवढ्या वादळात केवळ त्रेचाळीस कौले गेली, म्हणजे छप्पर उत्तम आहे. पती म्हणून मला एवढेच विचारायचे आहे: ‘एकोणिसावे’ हा आकडा तू कोठून आणलास? ‘त्या बाजूला कुठेतरी’ एवढे म्हणाली असतीस तरी मी मानले असते. मला आकडा लागतो हे तुला ठाऊक होते. तू माझ्या स्वभावाचे माप घेऊन खोटे बोललीस.

कलम ५. स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेरील जिरेनियमची कुंडी पाद्रीबाईंना द्यावी. कुंडीखाली बशी ठेवावी. अन्य काही ठेवू नये. ही कुंडी दर ऑक्टोबरात मी आत आणत असे आणि मे महिन्यात बाहेर नेत असे, खालच्या कौलासकट, दोन्ही हातांनी. कौल पालथे होते. या मे महिन्यात मी ते प्रथमच उलटले. रंग अजून पांढरा आहे.

कलम ६. घर. फोर्ज कॉटेज, बागेसह, चर्च जतन निधीस द्यावे. चर्चच्या मनोऱ्याला तडा गेला आहे आणि त्याचा दोष कोणाच्याही लबाडीकडे नाही. अट अशी: माझ्या मृत्यूनंतर सहा महिन्यांच्या आत श्री. पॉडमोर यांनी रविवारच्या प्रार्थनेत उभे राहून कौले कोठे आहेत हे सांगावे, आणि सर्व एक हजार एकशे चाळीस नावे स्वतःच्या तोंडाने वाचावीत. कुत्र्यांची व फुटबॉल संघांचीही. जितके रविवार लागतील तितके लागू देत. ज्याने लपवले त्यानेच सांगावे, म्हणून तोवर मी गावात बोलणार नाही. अट पाळली न गेल्यास घर रोवेनाला जावे आणि मनोरा चर्चवाल्यांनी आपला सांभाळावा.

कलम ७. मला तुझ्याच कबरीत ठेवावे. जागा दोघांची घेतली आहे. आठवडाभर मी उत्तरेच्या भिंतीजवळील जागेचा विचार केला, हे तुझ्यापासून लपवत नाही. शिळेवर तुझ्या नावाखाली ‘हम्फ्रीची प्रिय पत्नी’ असे आहे, ते तसेच राहावे. माझ्याकडून केवळ नाव आणि दोन तारखा. रोझमंडचे कौल आपल्या दोघांच्या मध्ये ठेवावे. अक्षरांची बाजू वर असावी. रोवेनाने स्वतः पाहून खात्री करावी.

सही: हम्फ्री लेनर्ड ओकशॉट
साक्षीदार: थिओडोरा बिग्स, पोस्टमास्तर, मार्लहर्स्ट
साक्षीदार: रेजिनल्ड (रेग) कटबुश, निवृत्त सुतार, मार्लहर्स्ट
स्थळ: सेंट विल्फ्रिड चर्च, मार्लहर्स्ट. दिनांक: २६ मे २०२२.

पुढील नोंद मृत्युपत्राचा भाग नाही. साक्षीदारांनी मजकूर वाचलेला नाही. कायद्याने तशी आवश्यकताही नाही. सही करून झाल्यावर श्री. कटबुश यांनी टोपी डोक्यावर ठेवली आणि ते वर छताकडे पाहू लागले.

“वादळातसुद्धा टिकला बघा आमचा बस्टर. म्यूरिएलबाईंनी स्वतः लिहून दिलं होतं हो. आहे ना तो वर अजून?”

मी म्हणालो, “हो. आहे.”

त्यानंतर दोघेही गेले. सायंकाळी सहा वाजता मी दक्षिणेकडील दरवाजास कुलूप लावले, ते दोनदा ओढून पाहिले, आणि मोठी व लहान अशा दोन्ही किल्ल्या श्री. पॉडमोर यांच्या घरी जाऊन परत केल्या.