जालना मेट्रो आणि सव्वातीनची गाडी

अण्णा,

मी अजून नकाशेच काढते. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली तरी माझं ते खूळ गेलेलं नाही, आणि आता त्यावरच माझं घर चालतं हे ऐकून तुम्ही चष्मा काढून नुसतं माझ्याकडे पाहिलं असतं. जालन्यात मेट्रो नाही, येण्याचं लक्षणही नाही, आणि मी दर दिवाळीला ‘जालना मेट्रो’चा नवा नकाशा छापते. अगदी खऱ्यासारखा: रंगीत रेघा, गोल ठिपके, गाडी बदलायची ठिकाणं. एमआयडीसीकडे जाणाऱ्या लोखंडी लाइनवर ‘भट्टी’, ‘धूर’ आणि ‘धूर (पश्चिम)’ अशी स्टेशनं आहेत. पाण्याची निळी लाइन आठ दिवसांतून एकदा, अर्धा तास चालते. शहागडच्या ठिपक्यापाशी लिहिलंय, ‘उतरून घ्या, पुढे गोदावरी आहे.’ लोक हसतात आणि चौकटीत घालून भिंतीवर लावतात. पुण्याला गेलेली आपलीच माणसं जुन्या वर्षांचे नकाशे शोधत फिरतात, आपसांत अदलाबदल करतात. पहिल्या दिवाळीचा ज्याच्याकडे आहे, तो त्याला कुणाला हातही लावू देत नाही.

पण खरा पहिला नकाशा त्याच्याही आधीचा, आणि तो कुणाकडेच नाही. मी चित्रकलेच्या कॉलेजात होते. पेपरात दिल्लीच्या मेट्रोचा नकाशा पाहिला आणि आपल्या जिल्ह्याचा तसाच काढून, मैत्रिणींना हसवायला म्हणून, स्टँडवर तुमच्या चौकशीच्या खिडकीशेजारच्या बोर्डावर टाचणीनं लावला. तुम्ही आत बसलेले. समोर माणूस आला की तुम्ही गाडीची वेळ दोनदा सांगता, आणि मग म्हणता, “आता तुम्ही सांगा बरं.” त्यानं बरोबर म्हणून दाखवल्याशिवाय तुम्ही त्याला सोडत नाही. या सवयीची मला तेव्हा फार लाज वाटायची. मैत्रिणी तुमची नक्कल करायच्या आणि मीही हसायचे.

त्या दुपारी पिंपळगाव रेणुकाईची एक म्हातारी गाठोडं घेऊन बोर्डाखाली बसली होती. तिची सव्वातीनची गाडी लागली, भरली आणि गेली, तरी ती हलली नाही. तुम्ही खिडकीतून वाकून विचारलंत, “आजी, तुमची गाडी गेली की. बसल्या का न्हाई?”

“मी नव्या गाडीची वाट बघून राह्यले, बाबा,” ती म्हणाली. “दर धा मिन्टाला हाय म्हने. एका बाईनं वाचून दावलं, हे काय इथंच लिव्हलंय.”

सव्वातीनची ही तिच्या गावची त्या दिवसातली शेवटची गाडी. गावात तिची बहीण अखेरच्या घटका मोजत होती. तुम्ही खिडकी बंद केली, तिला तिच्या गावाच्या वाटेवरच्या भोकरदनच्या गाडीत बसवलं आणि स्वतःही बसलात. दुसऱ्या दिवशी सकाळी घरी आलात तेव्हा मी ओट्यापाशी चहा गाळत होते. तुमचा निरोप रात्रीच आला होता, म्हणून बहिणींची भेट झाली का, असं मी विचारलं. तुम्ही म्हणालात, “न्हाई.” आणि नकाशाची घडी ओट्यावर ठेवलीत. मला वाटलं, आता ओरडाल. तुम्ही हळूच बोललात, म्हणून ते अजून ऐकू येतं. “त्या बोर्डावर जे लागतं, ते मीच बोललो असं लोक धरून चालतात. तुझी गंमत झाली, अन् ती बिचारी माझ्या भरोशावर बसून राह्यली.” तो कागद मी चुलीत घातला. माफी मागायची मात्र राहून गेली, आणि चार वर्षांनी तुम्हीच गेलात.

म्हणून माझ्या प्रत्येक नकाशात एक ओळ खरी असते. खाली कोपऱ्यात, बारीक अक्षरात: ‘पिंपळगाव रेणुकाई, स्टँडवरून थेट, दुपारी सव्वातीन.’ नकाशे जमवणारे म्हणतात, एवढ्या धमालीत ही साधी एसटी म्हणजे सगळ्यांत भारी विनोद. मी कुणाला काही सांगत नाही.

मागच्या महिन्यात प्रदर्शनात एक बाई माझ्या टेबलापाशी आली. रागावलेली नव्हती, म्हणून जास्त लागलं. म्हणाली, “ताई, तुमचा नकाशा आमच्या सैपाकघरात लावलेला हाय. सासूबाईला बाकीचं काही समजत न्हाई, पण गावाचं नाव बराबर वाचतात. ते बघून स्टँडवर गेल्त्या. गाडी कव्हाच निघून गेल्ती.”

घरी येऊन मी दार लावून रडले. दुसऱ्या दिवशी स्टँडवर गेले. तुमच्या खिडकीत आता एक मुलगी बसते. मी पिंपळगावची गाडी विचारली. तिनं मान वर न करता सांगितलं, दोन चाळीस. मी तिथंच उभी राहिले, तिनं पुढचं काही विचारावं म्हणून. तिनं मागच्या माणसाकडे पाहिलं.

अण्णा, वेळ बदलल्याचं मला ठाऊक नव्हतं असं नाही. दोन वर्षांपासून ठाऊक होतं. सव्वातीन खोडलं की त्या कागदावर तुमचं काहीच उरणार नव्हतं, म्हणून छापत राहिले. तेव्हा अजाणतेपणी केलं, या वेळी जाणूनबुजून, आणि तेही तुमच्या नावाखाली. हे पत्र कुठे टाकायचं नाही, तेव्हा इथे खरं बोलायला हरकत नाही.

नवा नकाशा उद्या छापायला जातोय. कोपऱ्यातली वेळ मी आत्ताच बदलली, आणि बदलताना दोनदा मोठ्यानं म्हटली. दोन चाळीस, अण्णा. दोन चाळीस.

आता तुम्ही सांगा बरं.