मला शिकायला जायचं होतं, भाऊसाहेब

प्रिय भाऊसाहेब,

तुम्ही असताना मी तुम्हाला कधी 'प्रिय' लिहिलं नसतं. 'आदरणीय' लिहिलं असतं आणि खाली 'आपली नम्र'. आज तसंच लिहायला बसले, तर हात पुढे सरकेना.

काल संग्रहालयाच्या व्हरांड्यात तुमची शोकसभा झाली. ट्रस्टची मंडळी होती, तुमच्या घरून काकू होत्या, तुमचे जुने स्नेही होते. मला बोलायला सांगितलं. मी म्हणाले, भाऊसाहेबांनी मला घडवलं, मुलीसारखं सांभाळलं, आज मी जी काही आहे ती त्यांच्यामुळे. काकूंनी पदराने डोळे पुसले. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. पण खुर्चीवर येऊन बसले तेव्हा जाणवलं, आपण निम्मंच बोललो. उरलेलं निम्मं कुठे बोलायचं? काकूंसमोर तर नाहीच. म्हणून तुम्हालाच लिहिते आहे.

तुम्हाला मी पहिल्यांदा भेटले तो सदुसष्टचा उन्हाळा असावा. प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले होते, आणि घरचे म्हणत होते, शाळेत शिकव, नाहीतर लग्न कर. तुम्ही संग्रहालयाचे क्युरेटर, आणि तुम्हाला सहायक हवा होता. तुमच्या खोलीत वाळ्याचा पडदा भिजवून लावलेला. तुम्ही माझ्या कागदांकडे पाहिलंच नाही. टेबलावरचा पेंढा भरलेला घोरपडीचा नमुना माझ्या हातात दिलात आणि विचारलंत, "कसा धरशीन?" मी एक हात छातीखाली आणि एक शेपटीखाली घेतला. तुम्ही म्हणालात, "उद्यापासून ये. लोक शेपटीनं उचलते याले."

बाईमाणूस पेंढा भरलेल्या जनावरांत दिवसभर काय करेल, असं ट्रस्टचे लोक म्हणत होते. तुम्ही त्यांच्याशी भांडलात. ते मी विसरले नाही. तेच तर अडचणीचं झालं, भाऊसाहेब. तुमचे उपकार मला कधी विसरता आले असते, तर मी मोकळी झाले असते.

पक्ष्यांचं दालन तुम्ही माझ्या हवाली केलंत. उजेडानं पिसांचा रंग उडतो म्हणून त्याच्या खिडक्यांवर तुम्ही फार पूर्वीच फळ्या ठोकून घेतल्या होत्या. आत कायम पिवळा दिवा. पिसं खाणारी कसर लागू नये म्हणून वर्षातून एकदा दारं लावून डीडीटीची फवारणी व्हायची, ती आपण दोघं करायचो. नाकाला रुमाल बांधून तुम्ही पंप मारायचात, मी कपाटांची दारं उघडी धरायची. नंतर कित्येक दिवस जेवणाला तीच चव यायची. तुमच्या खोकल्याची सुरुवात तिथेच झाली आणि माझ्याही. तेव्हा आपल्याला कोण सांगणार होतं? सगळे तसंच करायचे.

मधुकरशी माझं लग्न झालं, रवी झाला, आणि मग दिल्लीहून पत्रक आलं. संग्रहालय चालवणाऱ्यांसाठी चार महिन्यांचं प्रशिक्षण होतं. आहे त्या पैशात, आहे त्या पाण्यात आणि विजेत, विष न वापरता वस्तू पुढच्या पिढ्यांपर्यंत कशा टिकवायच्या, आणि त्यासाठी माणसांचं नेतृत्व कसं करायचं, हे तिथे शिकवणार होते. मी ते उभ्याउभ्याच वाचलं. असं काही शिकवतात, हेच मला माहीत नव्हतं. तुमच्याकडे आले तर तुम्ही चष्मा काढून टेबलावर ठेवलात.

"चार महिने?"

"हो. रवी आता मोठा झाला आहे. घरी आई आहे. मधुकर हो म्हणाले."

"अन् पाखरं? तू गेली तं पाखरं कोणाच्या भरोशावर सोडू मी?"

"तुम्ही आहात ना."

"मी आहोच. पण मले तुह्या हाताची सवय झाली ना वं. पुढच्या साली पाहू."

मी मान हलवली. केवढा आनंद झाला होता मला, सांगू? कुणाला तरी माझ्या हाताची सवय झाली, याचा. घरी मधुकरला सांगितलं तर तो म्हणाला, "म्हणजे नाहीच म्हणाले ना?" मी त्याच्यावर चिडले.

पुढच्या वर्षी ट्रस्टची तपासणी निघाली. त्याच्या पुढच्या वर्षी काकूंचं ऑपरेशन. तुम्ही कधी रागावून नाही म्हणाला नाहीत. रागावला असतात तर मी भांडले असते. तुम्ही माझ्यापुढे काकूंच्या हातची सांबारवडी ठेवायचात आणि म्हणायचात, "तुह्याशिवाय कोण आहे मले?" त्या वाक्याला दार नव्हतं, भाऊसाहेब. कुठून बाहेर पडायचं?

पुण्याच्या एका संग्रहालयात जागा निघाली तेव्हा तुम्ही सक्करदऱ्याला आमच्या घरी आलात. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच. आईने तुमच्यासाठी बाजेवर चादर घातली. तुम्ही पुण्याचा विषयही काढला नाहीत. चहा घेतला, रवीला घुबड मान कशी फिरवतं ते करून दाखवलं, आणि निघताना आईला म्हणालात, "तुमची लेक नसन तं मी ते दालन बंद करून टाकीन." तुम्ही गल्लीच्या टोकाशी पोचला नाहीत तोच आई म्हणाली, "कमल, देवमाणसाला दुखवू नको." पुण्याला मी कळवलं, येऊ शकत नाही. त्या दिवसानंतर मी पिवळ्या दिव्याखाली काम करताना खिडक्यांच्या फळ्यांकडे पाहायची आणि मला वाटायचं, या पाखरांना निदान आपण मेलोय हे ठाऊक आहे.

हे वाक्य मी आजवर कोणाजवळ बोलले नाही. तुम्हाला लागेल. लागू दे थोडं.

शेवटी मी गेले ती तुमच्या परवानगीनं नाहीच. खोकला वाढून तुम्ही दवाखान्यात होतात, आणि सरकारी अनुदानासाठी संग्रहालयात एक तरी प्रशिक्षित माणूस हवा अशी अट आली. ट्रस्टचे सचिव म्हणाले, "बाई, बॅग भरा." तुम्हाला सांगायला दवाखान्यात आले तर तुम्ही भिंतीकडे तोंड केलंत. मी जिना उतरले आणि रिक्षात बसून रडले, पण रिक्षा परत फिरवली नाही.

दिल्लीचं मी तुम्हाला सांगायला लागले की तुम्ही विषय बदलायचात. आता ऐका. तिथे बागचीबाई म्हणून शिकवायच्या. पांढरे केस, पायात कॅनव्हासचे बूट. त्या म्हणायच्या, औषध मारण्याआधी बघा तरी, कोण खातंय, कुठून आलंय, त्याला इथे राहावंसं का वाटतंय. दमट अंधाऱ्या खोलीत विष मारत बसण्यापेक्षा खोली कोरडी करा. हवा खेळू द्या, पण उजेड गाळून घ्या. हातानं साफ करा, पुन्हा पुन्हा पाहा. यंत्र विकत घेतलंत तर उद्या ते चालवायला वीज कोण देणार, तेही आजच विचारा. ऐकताना मला आपलं दालन दिसत होतं, आणि ते पहिल्यांदाच बदलता येण्यासारखं दिसत होतं.

एक दिवस प्रत्येकाला एका छोट्या दालनाचं प्रमुख केलं. हाताखाली माणसं दिली. माझ्या पाळीला मी दर थोड्या वेळानं बागचीबाईंकडे जायची. हे कपाट हलवू का? या माणसाला तिकडे पाठवू का? दुपारी त्यांनी मला खुर्चीवर बसवलं आणि हिंदीत विचारलं, "कमल, तुम इजाज़त किससे माँग रही हो? आज तो तुम ही हो." मी त्यांच्याकडे बघत होते आणि मला तुमचा चष्मा दिसत होता. चाळिशी जवळ आलेली बाई मी. दालनातला एकेक पक्षी मला ठाऊक, आणि कपाट डावीकडचं उजवीकडे न्यायला मला कोणीतरी हो म्हणायला हवं होतं. हे तुम्हीच एकट्यानं केलं, असं मी म्हणत नाही. मलाही ते सोयीचं झालं असेल. पण तुम्हाला ते दिसलं नाही का हो?

परत आले तोवर तुम्ही बरे होऊन कामावर आला होतात. मी म्हणाले, या वर्षी फवारणी नको. फळ्या काढू, कापडी पडदे लावू, कपाटं एकेक करून हातानं साफ करू.

"अन् कसर लागली तं?"

"तर मी जबाबदार."

"तू जबाबदार? पाखरं माह्या सहीनं आली इथं, कमल."

"भाऊसाहेब, मी फवारणी करणार नाही. तुम्हीही करू नका. डॉक्टरांनी काय सांगितलं आहे?"

आपल्यातलं तेवढं एकच भांडण. तुम्ही उठून बाहेर गेलात.

मग पोळ्याचा दुसरा दिवस आला. मारबतीच्या मिरवणुकीची सुट्टी, संग्रहालय बंद. मी धरमपेठेत काकूंना पुरणपोळी द्यायला आले, तर काकू दारातच उभ्या. "ते पंप घेऊन गेले वं. म्हणाले, कमलले सांगू नोको." मी आले त्याच रिक्षानं तशीच निघाले. रस्त्यात गर्दी, ढोल, लोक मारबतीच्या पुतळ्यामागे ओरडत चाललेले. रिक्षावाला गल्लीबोळातून काढत होता आणि मी मनात तुमच्याशी भांडत होते.

चौकीदार दालनाच्या दारावर धक्के देत होता. दार पावसानं फुगलेलं, आतली कडी अडकलेली. आधी तुम्ही आतून थापा मारत होतात म्हणे. मी गेले तेव्हा थापा थांबल्या होत्या. मी हाका मारल्या. उत्तर नाही. मग मी चौकीदाराला म्हणाले, खिडकीच्या फळ्या तोड. तो म्हणाला, साहेबांना विचारल्याशिवाय कशा तोडू? साहेब आत आहेत, मी ओरडले, मी सांगते आहे, तोड.

रिक्षावाल्यानं आणि त्यानं पहारीनं फळ्या उचकटल्या. आतून पांढरी धूळ बाहेर आली. तुम्ही बगळ्यांच्या कपाटाला टेकून बसला होतात, डोळे उघडे, श्वास घेता येत नव्हता. आम्ही तुम्हाला खिडकीतून बाहेर काढलं, चिंचेखाली बसवलं, तोंडावर पाणी मारलं. बऱ्याच वेळानं तुम्हाला बोलता आलं. तेव्हा काय बोललात, आठवतं? म्हणालात, "कमल, फळ्या लाव वं लवकर. ऊन आत जाऊन राहिलं. नीळकंठाचा रंग उडन."

मी तुमचा हात धरला होता. मला तुमचा इतका राग कधी आला नव्हता आणि इतकी मायाही.

मी ऐकलं नाही म्हणून तुम्ही एकटे आत गेलात, असं पुढे ट्रस्टमध्ये कोणी कोणी म्हणालं. त्याबद्दल मी तुमची क्षमा मागणार नाही, भाऊसाहेब. मी नाही म्हणाले ते बरोबर होतं. फळ्या मी पुन्हा लावल्या नाहीत. मांजरपाटाचे दुहेरी पडदे शिवून घेतले. महिन्याभरानं तुम्ही आलात, दालनाच्या मधोमध काठी टेकून उभे राहिलात. पडदा बोटांत धरून पाहिलात. "धुवायचे कवा?" "दर महिन्याला." तुम्ही मान हलवलीत. बरं केलंस असं काही म्हणाला नाहीत. मी वाट पाहत होते, ते तुम्हाला कळलं होतं का?

कसर लागली नाही. एका सुतारपक्ष्याला लागली होती, ती वेळेत दिसली.

पुढे बागचीबाईंनी मला दिल्लीला बोलावलं, दोन वर्षं तिथे शिकवायला. तुम्ही तेव्हा अंथरुणाला खिळला होतात. मी सांगितलं. तुम्ही डोळे मिटले आणि म्हणालात, "मी असेपर्यंत थांब." आता यावर माणसानं काय बोलावं? तुमच्या मरणाची वाट पाहिल्याशिवाय मला वाटच पाहता येणार नव्हती. ते ओझं तुम्ही माझ्यावर का टाकलंत? मी थांबले. संध्याकाळी तुम्हाला पेपर वाचून दाखवत राहिले, आणि रोज घरी जाताना स्वतःच्या मनात डोकवायची भीती वाटायची.

तुम्हालाही कधी कोणी असंच अडवलं होतं का? तरुणपणी कुठे जायचं होतं का तुम्हाला? मी कधी विचारलं नाही, तुम्ही सांगितलं नाही. आता काकूंना विचारण्यात अर्थ नाही.

काल सभा संपल्यावर सचिवांनी मला तुमच्या खोलीत नेलं. खुर्ची ओढून म्हणाले, "बसा. आता क्युरेटर तुम्हीच. तुमच्याशिवाय आहे कोण?" वाटलं, दार आतून लागलं. मी बसलेही. खोटं कशाला सांगू?

पण आज सकाळी मी बागचीबाईंना कळवलं आहे, जागा अजून असेल तर पुढच्या हिवाळ्यात येते. सचिव ओरडतील. मधुकर म्हणतो, तू स्टेशनवरून परत येशील. येईनही कदाचित. मला माझी अजून खात्री नाही.

तुम्हाला मात्र शब्द देते. तोवर दालनात माझ्या हाताखाली काम करणाऱ्या दोघी मुलींना मी सगळं शिकवीन. मला न विचारता कपाट हलवायलासुद्धा. आणि त्यांच्यातली एखादी उद्या येऊन म्हणाली, "बाई, मले शिकाले जायचं आहे," तर 'काहून?' असं मी विचारणार नाही. "कधी निघतेस?" एवढंच विचारीन.

तुमची,
कमल