अक्काचं ‘बरं’

१४ तारीख, शनिवार, दुपार
(वॉर्डातल्या स्टुलावरून)

चि. ठकू,

मावशीचे पोटभर आशीर्वाद. तुझा खोकला गेला का? जावईबापूंची कंबर काय म्हणते? थोरलीचा पुढचा दात पडला म्हणे, आणि धाकटीचं पोट थांबलं का? एकेकाचं नीट कळव. माझे गुडघे कुरकुरतात, बाकी चाललंय. स्टुलावर बसून बसून मीच स्टूल झालेय.

तुझ्या आईला बुधवारी दवाखान्यात आणलं, हे फोनवर सांगितलंच होतं. उभं राहवेना तिला. अशक्तपणा असेल म्हटलं, त्यांनी सलाईन लावलं. बायका चांगल्या आहेत इथल्या. एकीला मी ‘अहो सिस्टर’ म्हणून हाक मारली, तर अक्का म्हणते, “मग मी तुझी कोण गं?”

पण तिचं ‘बरं’ तुला ठाऊक आहे. जेव म्हटलं, बरं. झोप म्हटलं, बरं. तिचं ‘बरं’ म्हणजे ‘ऐकलं’, एवढंच. डॉक्टर घाईघाईत येतात, विचारतात, “काय आजी, बरं वाटतंय ना? दुखत नाही ना कुठं?” ती म्हणते, “बरं.” की लिहिलं कागदावर, तक्रार नाही. तीन दिवस हेच. काल म्हणाले, उद्या घरी न्या.

तेवढ्यात सिस्टरनी तिला उठवून बसवायला हात घातला, आणि अक्कानं माझं मनगट असं आवळलं की नखं रुतली.

मी म्हटलं, “डॉक्टरसाहेब, थांबा. ‘दुखत नाही ना’ असं नका विचारू. ‘कुठं दुखतंय’ विचारा, आणि उत्तर येईस्तोवर जाऊ नका.”

“मावशी, बाहेर चाळीस पेशंट बसलेत.”

“बसू देत. हिला एकेचाळिसावी धरा.”

हसले नाहीत, पण खुर्ची ओढून बसले. विचारलं. अक्कानं छताकडे बघितलं, मग माझ्याकडे. सांगू का, असं मलाच विचारत असल्यासारखी. तेव्हा मी बोलले, “साहेब, ती पडलीय.”

हे फोनवर बोलायला माझी जीभ उचलत नव्हती, म्हणून लिहितेय. पडली रविवारी, मोरीत. मी घरी नव्हते. गिऱ्हाइकाचे शिवलेले कपडे द्यायला गेले आणि तिथं गप्पा हाणत तासभर बसले. तू तिला न्यायला आली होतीस तेव्हा केवढी भांडले होते तुझ्याशी, मी तिला क्षणभर एकटी सोडणार नाही म्हणून! घरी आले तर ती भिंतीला टेकून बसलेली. मी विचारलं, “लागलं नाही ना गं? बरं आहे ना?” म्हणाली, “बरं.” आणि वर, “ठकीला सांगू नकोस हं, ती तुला बोलेल.”

डॉक्टरांना नावं ठेवतेय खरी, पण तसं विचारायला सुरुवात मी केली. मला तेच उत्तर हवं होतं. इथं आणल्यावरही पडल्याचं मी गिळलं.

काल एक्स-रे काढला. खुब्याचं हाड मोडलंय. रक्त पातळ करायची गोळी थांबवलीय, मंगळवारी ऑपरेशन म्हणतात. आज सकाळी संमतीचा कागद माझ्यापुढे धरला. म्हटलं, डोकं ठिकाणावर आहे तिचं, तिला समजावून सांगा, सही तीच करील. सांगितलं बिचाऱ्यांनी, अगदी चित्र काढून. सगळं ऐकून अक्का म्हणाली, “मला भीती वाटते. ठकी येऊ दे, मग करते सही.”

साठ वर्षं बघतेय तिला. स्वतःसाठी काही मागताना पहिल्यांदा ऐकलं.

दमलेय गं मी. रागाव, हवं तेवढं रागाव, पण इथं येऊन रागाव. बाहेर बाक आहे, तिथं बसू.

शेजारचा टेम्पोवाला उद्या सकाळी तुमच्याकडे सामान टाकायला येतोय, त्याच्या हाती हे देतेय. दुपारी तो परततो. जमलं तर त्याच्याच गाडीत बस. नाहीच जमलं तर त्याला दारात थांबवून लगोलग दोन ओळी लिहून दे, मी तिला वाचून दाखवीन. माझ्यासाठी काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

जिच्या भरवशावर आईला ठेवून गेलीस ती,
तुझी मावशी